लॅपटॉप ऐकत नाही, तोवर नवा सिंथ घेऊन उपयोग नाही

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑल्टो सॅक्सोफोन, पियानो, बेस आणि ड्रम्स असा पुण्यातला चौघांचा संच. सॅक्स तुम्ही वाजवता, आणि संचात लॅपटॉपही तुम्हीच आणलात. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी बांधून ठेवलेले बीट आणि पॅड (मागे पसरून राहणारे लांब सूर) सोडता, ड्रमरच्या कानात क्लिक (ठोके मोजून देणारी टिकटिक) असतो, सॅक्सच्या माइकला डिले (प्रतिध्वनी देणारं) आणि लूपर (तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारं) अशी पेडलं जोडली आहेत. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं की वर जॅझ चाललंय, खाली कॉम्प्युटर चाललाय, आणि दोघांची ओळखसुद्धा नाही असं वाटतं. ड्रमर म्हणतो, क्लिकने स्विंग (जॅझची झुलती लय) मारला. साठेक हजार रुपये हाताशी आहेत, तर कुठला सिंथ (सिंथेसायझर) घ्यावा?

सिंथ घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. मी गेली बरीच वर्षं जॅझच्या संचांबरोबर इलेक्ट्रॉनिक्स वाजवते, अधूनमधून मिक्सरही सांभाळते, आणि ही तक्रार जिथे जिथे ऐकली तिथे आवाज कमी पडत होते असं एकदाही दिसलं नाही. तुमच्याकडे चार जण एकमेकांचं ऐकून वाजवतात आणि पाचवा ऐकतच नाही. पियानोवाल्याला रंग चढला आणि त्याने आणखी एक कोरस (गाण्याचं एक आवर्तन) घेतला, तर बेस आणि ड्रम्स त्याच्याबरोबर जातात. लॅपटॉप जात नाही. स्टेशनवरची अनाउन्समेंट आपल्या गप्पा संपायची वाट बघत नाही, तसंच. मग चौघं मिळून त्या पाचव्याला सांभाळून घ्यायला लागतात आणि सगळ्यांचंच वाजवणं जपून जपून होतं. रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला खटकतंय ते हे जपून वाजवणं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचं संगीत लोकांनी नाचावं म्हणून असेल, किंवा मागे पडद्यावर चित्रफीत चालते आणि तिच्याशी ठोका जुळलाच पाहिजे, तर क्लिक हवाच आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तुमच्या मजकुरावरून मी धरून चालले आहे की तुम्हाला उत्स्फूर्त वाजवायचं आहे आणि यंत्राने त्यात भाग घ्यावा अशी अपेक्षा आहे.

ड्रमरचं म्हणणं खरं आहे, आणि ते का खरं हे समजून घेण्यासारखं आहे. राइड सिंबलवर, म्हणजे ड्रमर ज्या मोठ्या झांजेवर लय धरतो तिच्यावर, स्विंगची जी लांब-आखूड जोडी वाजते तिचं प्रमाण ठरलेलं नसतं. लय सावकाश असली की लांब ठोका चांगलाच लांब असतो; लय वाढत गेली की फरक विरघळत जातो, आणि अतिद्रुतात दोन्ही जवळपास सारखे होतात. शिवाय एकाच गाण्यात ड्रमर ते प्रमाण हलवत राहतो, आणि सोलो वाजवणारा ठोक्याच्या किंचित मागे रेलून बसतो. सॉफ्टवेअरमधलं स्विंगचं बटण म्हणजे एक टक्केवारी. पन्नासला सरळ, सहासष्टच्या आसपास तिश्र, आणि पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत तेच. त्यात तुमच्या बीटमध्ये यांत्रिक हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा आवाज) असेल तर तो राइडच्याच पट्टीत वाजतो, पण वेगळ्या क्षणी. कानाला दोन ड्रमर ऐकू येत नाहीत, एक गबाळा ड्रमर ऐकू येतो.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. ट्रॅकमधून हाय-हॅट, शेकर, टाळी असं वरच्या पट्टीतलं सगळं काढा आणि एकदा वाजवून बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. उरलेला निम्मा मिटवायला आधी ठरवावं लागेल की यंत्राने नेमकं काय करायचं.

जॅझवाल्यांनी या प्रश्नाशी पन्नासहून अधिक वर्षं झुंज घेतली आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यातून तीन मुख्य वाटा निघाल्या.

पहिली वाट वाद्याचाच आवाज बदलण्याची. एडी हॅरिसने १९६७ मध्ये सेल्मर कंपनीचं व्हॅरिटोन नावाचं उपकरण सॅक्सला लावून रेकॉर्ड केलं. ते मूळ सुराला खालच्या सप्तकाची जोड द्यायचं. १९७० च्या सुमारास माइल्स डेव्हिसने ट्रम्पेटला वा-वा (सूर उघडझाप करणारं) पेडल जोडलं. नॉर्वेच्या निल्स पेटर मोल्व्हॅरचा १९९७ चा ‘ख्मेर’ ऐका. ट्रम्पेट जवळजवळ कुजबुजतो आणि त्याच्याभोवती बीट, गिटार, सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) यांचं मोठं अवकाश उभं असतं.

या वाटेवरचा माझा सर्वात लाडका माणूस जॉन हॅसेल, आणि आपल्याकडच्या वाचकांना तो जवळचा वाटावा असं कारणही आहे. जर्मन संगीतकार स्टॉकहाउजेनकडे शिकून आलेला हा अमेरिकन ट्रम्पेटवाला १९७० च्या दशकात पंडित प्राणनाथांकडे किराणा घराण्याची गायकी शिकला. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे आपण ज्याला घरचं मानतो तेच हे घराणं. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ. हॅसेलने आधी मींड ओठांत बसवली, सुरातून सुरात सरकायला शिकला, आणि मग त्या रेषेला हार्मोनायझरमधून समांतर सूर जोडले. त्यामुळे यंत्र कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ऐकणाऱ्याला श्वास आणि मींडच ऐकू येते. इंग्रज संगीतकार ब्रायन ईनोबरोबरचं त्याचं १९८० चं काम प्रसिद्ध आहे, पण माझं मत विचाराल तर आधीचा ‘व्हर्नल इक्विनॉक्स’ ऐका.

दुसरी वाट संचाचा आवाज तिथल्या तिथे पकडून परत त्यांच्यातच सोडण्याची, म्हणजे लाइव्ह सॅम्पलिंग. नॉर्वेचाच यान बांग या कामात वाकबगार आहे. शेजारी कोणी वाजवत असताना तो दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलतो, त्याचा सूर किंवा वेग बदलतो आणि वाजवणाऱ्यालाच परत देतो. त्याने आणि एरिक होनोरेने २००५ मध्ये क्रिस्टियानसान शहरात पुंक्ट नावाचा महोत्सव सुरू केला. तिथे एक मैफल संपली की लगेच दुसरे कलाकार त्याच मैफलीच्या ध्वनीतून नवी मैफल उभी करतात, आणि तिला लाइव्ह रीमिक्स म्हणतात. नुकतंच ऐकलेलं अजून कानात असतं, त्यामुळे प्रेक्षकाला कुठला तुकडा कुठून आला हे ओळखण्याची गंमत येते.

तिसरी वाट मंचावरची नाहीच. आधी मोकळेपणाने वाजवायचं, मग कापायचं, जोडायचं. माइल्सच्याच ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमची सत्रं फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कला झाली, निर्माता टिओ मासेरोने टेप कापून त्यांना आकार दिला. तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर सुरुवातीला जी धून ऐकू येते, शेवटी तीच टेप पुन्हा जोडलेली आहे. पुन्हा वाजवलेली नाही, तीच. माहीत नसेल तर माणूस शपथेवर सांगेल की त्यांनी शेवटी परत मुखडा घेतला. शिकागोच्या मकाया मॅक्रेव्हनने २०१५ च्या ‘इन द मोमेंट’साठी हेच केलं, फक्त कात्रीच्या जागी कॉम्प्युटर होता. वर्षभरातल्या उत्स्फूर्त मैफलींची रेकॉर्डिंगं, आणि मग त्यांतून निवडून घडवलेले छोटे छोटे तुकडे. तो स्वतः ड्रमर आहे, त्यामुळे कुठे कापलं तर लय जिवंत राहते हे त्याला हाताने माहीत आहे.

चौथी वाटही आहे. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईसने १९८० च्या दशकात ‘व्हॉयेजर’ नावाचा प्रोग्राम लिहिला, जो माणसाचं ऐकतो आणि शिवाय स्वतःच्या मर्जीनेही वाजवतो. विचार म्हणून थोर आहे. पण ते शिकायला प्रोग्रामिंगची काही वर्षं द्यावी लागतील, म्हणून इथे बाजूला ठेवते.

तुम्ही सध्या करताय ते यातल्या कुठल्याच वाटेत बसत नाही. तुम्ही कापण्या-जोडण्याचं तयार काम मंचावर आणताय आणि जिवंत माणसांना त्यावर बसवताय. चौघांच्या संचासाठी मी पहिली आणि दुसरी वाट सुचवेन. साठवलेलं काही नाही. जो आवाज येईल तो त्या संध्याकाळी त्या चौघांपैकी कोणाच्या तरी हातून निघालेला असेल.

आता प्रत्यक्ष जोडणी. तुम्ही लिहिलंय की माइक सरळ पेडलमध्ये आणि पेडल मिक्सरमध्ये. हे बदला. माइकचा सिग्नल अगदी बारीक असतो आणि गिटारची पेडलं वेगळ्या पातळीच्या सिग्नलसाठी बनवलेली असतात, म्हणून आवाज पातळ आणि खरखरीत येतो. शिवाय डिले बिघडला की सॅक्सच बंद. माइक थेट मिक्सरला द्या. त्या चॅनेलच्या ऑक्स सेंडमधून (आवाज वेगळा बाहेर काढायच्या वाटेतून) एक फाटा काढा, तो रीअँप बॉक्समधून (मिक्सरचा सिग्नल पेडलला मानवेल असा करणाऱ्या डबीतून) पेडलना द्या, आणि पेडलचा आवाज मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर परत आणा. पेडलवर कोरडा (मूळ) आवाज पूर्ण बंद, फक्त ओला (पेडलने बदललेला). म्हणजे सॅक्स कायम शाबूत आणि डिले वेगळ्या फेडरवर (आवाजाच्या सरकत्या बटणावर). परतीच्या चॅनेलवर तोच ऑक्स मात्र शून्यावर ठेवायला विसरू नका, नाहीतर आवाज स्वतःलाच खात सुटतो आणि सभागृह कान झाकून घेतं. (जपानमध्ये तोशिमारू नाकामुरा नेमका हाच दोष वाद्य म्हणून वाजवतो, मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये. पण तो हुकमी वाजवतो.)

या जोडणीत एक व्हॉल्यूम पेडल घाला, आणि ते डिलेच्या आधी घाला. नंतर घातलंत तर पाय उचलल्याबरोबर प्रतिध्वनीही कापला जातो. आधी घातलंत तर तुम्ही ठरवाल तेवढीच ओळ डिलेमध्ये जाते आणि तिचे पडसाद आपल्या गतीने विरत राहतात. त्याचा दुसरा फायदा याहून मोठा. सॅक्सवर चिमट्याने लावलेला कंडेन्सर माइक ड्रम्सही ऐकत असतो. पेडल सतत उघडं असेल तर डिलेमधून तुमच्या ओळीबरोबर सिंबलही फिरत राहतो आणि ड्रमरला स्वतःचेच शिळे ठोके ऐकावे लागतात. मंचावर सॅक्सची बेल ड्रम्सच्या विरुद्ध दिशेला ठेवलीत तर आणखी बरं. फारच गळती असेल तर स्टँडवरचा साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम५७ सारखा, जवळ घेऊन वाजवा.

डिलेची वेळ लयीला बांधू नका. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, आणि ३७५ वर ठेवलं की तो ओळखीचा पाऊण मात्रेचा उसळता डिले मिळतो. पॉपमध्ये तो छान लागतो. स्विंगमध्ये तो राइडशी भांडतो, कारण तो सरळ मोजतो आणि राइड सरळ मोजत नाही. माझा ठोकताळा असा: लय चालू असताना एकतर अगदी आखूड ठेवा, शंभरच्या आतबाहेर, म्हणजे आवाज नुसता जाड होतो; किंवा सेकंदाहून लांब ठेवा, म्हणजे तो ठेका न वाटता आठवण वाटतो. मधला पट्टा विलंबित, विनाठेक्याच्या जागांसाठी राखा. ओल्या आवाजातून २०० हर्ट्झखालचं कापून टाका. ऑल्टोचा सर्वात खालचा सूर साधारण १३९ हर्ट्झला असतो, तेव्हा तुमचं फारसं काही जात नाही आणि बेसला जागा मिळते.

लेटन्सीबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर यायला लागणाऱ्या उशिराबद्दल, तुम्ही बरीच चिंता केली आहे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) म्हणजे एका दिशेला २.७ मिलिसेकंद; जाणं-येणं आणि इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचा) स्वतःचा वेळ धरून सात-आठ. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तुमच्यापासून तीन मीटरवर बसलेला ड्रमर तुम्हाला नाहीतरी नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. वर सांगितलेल्या जोडणीत तर कोरडा सॅक्स लॅपटॉपमधून जातच नाही, त्यामुळे पुढे पेडलऐवजी लॅपटॉप आणलात आणि डिले १२०० ऐवजी १२०८ ला आला तरी कोणाला कळणार आहे?

इथवर तुमच्या सॅक्सचं झालं. संचाचे आवाज पकडण्यात अडचण वेगळी आहे, आणि पहिल्या तालमीतच ती आडवी येईल. पकडलेल्या तुकड्यात त्या क्षणाची हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) अडकलेली असते. पियानोच्या एका कॉर्डचा तुकडा तुम्ही लूपवर सोडलात आणि गाणं दोन मात्रांनी पुढच्या कॉर्डवर गेलं, की तुकडा बेसूर. अर्ध्या वेगाने सोडलात तर तो एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांबतो, म्हणजे दुप्पट वेळ बेसूर. भराभर कॉर्ड बदलणारी, सगळ्या जॅझवाल्यांना पाठ असलेली जुनी स्टँडर्ड्‌स आणि सॅम्पलर यांचं जुळत नाही ते यामुळे. माइल्सच्या त्या काळातल्या कामात बेसची एक आकृती मिनिटन्‌मिनिटं चालते, हॅसेलखाली एक स्थिर आधार असतो, नॉर्वेवाले एकाच स्केलवर (सुरावलीवर) रेंगाळतात. हा आळस नाही. हार्मनी थांबली की यंत्राला उत्तर द्यायला सवड मिळते, जशी षड्जावर आलापाला मिळते. तेव्हा तुमच्या यादीतून आधी अशी गाणी निवडा जिथे एक स्केल आठ-सोळा बार (तालाचे खंड) टिकतं. आणि पकडायचंच तर कॉर्ड पकडू नका. सा-प सारखी पंचमाच्या अंतराची जोडी पकडा, एकेकटे सूर पकडा, किंवा सूर नसलेलं पकडा: सॅक्सच्या किल्ल्यांची टकटक, रीडमधून जाणारी नुसती फुंकर, स्नेअरवर ब्रश फिरल्याची सळसळ. ब्रशचा तीन सेकंदांचा तुकडा उलटा आणि अर्ध्या वेगाने सोडून बघा. कुठल्याही कॉर्डखाली चालतो आणि तुमच्या कुठल्याही पॅडपेक्षा तो तुमच्या संचाचा वाटतो.

हे सगळं करणार कोण? तुमचे दोन्ही हात आणि तोंड सॅक्सवर आहे, पाय तेवढे मोकळे. व्हॉल्यूम पेडल आणि डिले पायाने जमतो, सॅम्पलिंग जमत नाही. बुगे वेसेलटॉफ्टसारखा माणूस पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही एकटा सांभाळतो, तेव्हा तुमचा पियानोवाला तयार असेल तर त्याच्या डाव्या हाताशी बोटाने दाबायचे चार पॅड आणि दोन फिरत्या बटणांचा छोटा कंट्रोलर ठेवा. नाहीतर पाचवा माणूस घ्या, पण तो वाजवणारा असावा, ऑपरेटर नको. त्याला मागे पडद्याजवळ बसवू नका. बेस आणि ड्रम्सच्या मधे, सगळ्यांचे हात दिसतील असा बसवा, आणि लॅपटॉपचा स्क्रीन अर्धा मिटवा. स्क्रीनकडे बघणारा माणूस ऐकतोय असं बाकीच्यांना वाटत नाही, आणि बहुतेक वेळा तो ऐकत नसतोच.

बीटची हौस असेल तर ती ड्रमरला द्या. जोजो मेयर ड्रम-अँड-बेस हे वेगवान यांत्रिक बीटचं संगीत हातांनी वाजवतो. ड्रमर मार्क गुलियानाने पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊबरोबरच्या २०१४ च्या अल्बममध्ये सिंथसमोर जिवंत ड्रम्स ठेवले. यंत्रासारखं वाजवणारा माणूस पियानोवाल्याने आणखी एक कोरस घेतला तर थांबू शकतो, एवढा एकच फरक, पण तोच तुम्हाला हवा आहे. तुमचा ड्रमर क्लिकवर चिडलाय म्हणजे त्याचे कान शाबूत आहेत. स्नेअरवर झांज उलटी ठेवून, किंवा कापड टाकून कोरडा आवाज काढून तो स्वतःच काय काय शोधेल बघा.

तालमीसाठी एक नियम करा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने गेल्या अर्ध्या मिनिटात पकडलेलंच वाजवायचं, आणि कोणीही हात वर केला की त्याने थांबायचं. हे मजेत काही वेळ खेळा, रेकॉर्ड करा. मग तेच गाणं इलेक्ट्रॉनिक्सशिवाय वाजवा. दोन्ही ऐकताना ज्या जागी त्याची उणीव भासली नाही त्या जागा त्याच्याकडून काढून घ्या. माझ्या अनुभवात बऱ्याच जागा जातात आणि उरलेल्या फार चांगल्या निघतात.

पैशांचं म्हणाल तर: किमान चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (म्हणजे पियानो, सॅक्स, स्नेअर यांचे वेगवेगळे माइक पकडता येतील), बरं व्हॉल्यूम पेडल, रीअँप बॉक्स, एक साधा पॅड कंट्रोलर. ग्राउंड लिफ्टचं (केबलमधली अर्थची जोड तोडणारं) बटण असलेले दोन डीआय बॉक्सही (लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला नीट देणाऱ्या डब्या) घ्या. आपल्याकडच्या सभागृहांत लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगवर गेले की ५० हर्ट्झची घरघर हमखास येते, आणि ती मंद्रातल्या ‘जी’ (G) या सुरापेक्षा किंचित चढी असल्यामुळे बेसवाल्याचा कान सतत चुकवत राहते. शक्यतो सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर दोषी तोच. एवढं घेऊन काही उरलं तर सिंथचा विचार नंतर.

एक तपशील तुम्ही लिहिलेला नाही: बेस उभा आहे की गिटार? उभा असेल आणि पिकअपवरून मंचावरच्या मॉनिटर स्पीकरला जात असेल, तर खर्जातलं कुठलंही सॅम्पल त्याची पोकळ पेटी थरथरवतं आणि तो हुंकारायला लागतो. मग वरचा २०० हर्ट्झचा नियम पियानोच्या तुकड्यांनाही लावा, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मॉनिटर बेसच्या पाठीमागे ठेवू नका. गिटार असेल तर ही काळजी नाही. उलट बेसच्या सिग्नललाच ऑक्टेव्ह पेडल लावून खालचा मजला त्याच्याकडे सोपवता येतो. ते कळवा, म्हणजे मंचावर कोण कुठे बसेल तेही सांगते.